पावत्या आठ, चूल एक: कृषी आणि महसूल खात्याला खुलं पत्र

मध्य प्रदेश शासनाच्या कृषी आणि महसूल खात्यातल्या अधिकाऱ्यांना, भोपाळमधल्या आणि आमच्या इंदूर जिल्ह्यातल्याही,

सादर नमस्कार.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर वडिलांची नऊ बिघे जमीन आहे, बाबा गेल्यावर ती माझ्या आणि भावाच्या नावावर आली. मी शेती करत नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच की एसीत बसून शेतकऱ्यांचे प्रश्न मांडतेय. शेती करतात आमचे वाटेकरी, त्यांना आम्ही दादा म्हणतो, एकोणीस वर्षं झाली. मी महिन्यातून दोनदा जाते, हिशोब बघते, मेरेवरून एक चक्कर मारते आणि येताना मेथीच्या जुड्या घेऊन येते, एवढीच माझी शेती.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा पंचायत भवनासमोर टेबल लागलं होतं. पीएम किसानच्या संशयित नावांचं सत्यापन. म्हणजे ज्यांनी 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर करून घेतली, किंवा नवरा-बायको दोघं हप्ता घेतायत, अशी नावं वरून यादीत आली होती आणि ती तपासायची होती. मला बरं वाटलं, म्हटलं चला, कुणीतरी बघतंय. मी तिथेच कठड्यावर बसले. बाराला सुरू झालं, अडीचला आवरलं. टेबलावरचे साहेब कुणाच्या घरी गेले नाहीत, कुणाच्या शेतात गेले नाहीत, आधार बघितलं, पावती बघितली (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे जमिनीच्या ऋण पुस्तिकेला पावती म्हणतात), सही घेतली, पुढचा.

अडीच तासांचा निकाल असा, की ज्या घरात आठ पावत्या आहेत ते आठही जण पात्र. आणि शेजारच्या शेताच्या भाभी, ज्यांचे यजमान 2021 च्या कोरोनात गेले आणि ज्यांची सगळी मिळून तीन बिघे जमीन आहे, त्या अपात्र.

हे पत्र त्यासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीएम किसानमध्ये वर्षाला 6 हजार मिळतात, 2-2 हजारांच्या तीन हप्त्यांत. वर आपल्या राज्याची मुख्यमंत्री किसान कल्याण योजना आहे, ती 2020 मध्ये 4 हजारांनी सुरू झाली, 2023 पासून तीही 6 हजार. म्हणजे एमपीत एका पात्र कुटुंबाला वर्षाला 12 हजार. कुटुंबाला हं, माणसाला नाही, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं. सुरुवातीला 2 हेक्टरची अट होती, ती 2019 च्या जूनमध्ये काढली, त्यामुळे आता जमीन किती यावर रक्कम ठरत नाही, दोन बिघेवाल्यालाही तेवढेच आणि साठ बिघेवाल्यालाही तेवढेच. मर्यादा राहिली ती फक्त कुटुंबाची. आणि आमच्या गावात नेमकी तीच फोडली जाते.

आता ते आठ पावत्यांचं घर. नाव घेणार नाही, माणूस वाईट नाही, बाबांना रात्री दोन वाजता ॲटॅक आला तेव्हा याच माणसाने आपल्या गाडीत घालून इंदूरला आणलं होतं. साठ बिघे जमीन, म्हणजे साधारण 15 हेक्टर. एक वाडा, एक चूल, एक ट्रॅक्टर, डिझेलचा एक ड्रम, मजुरीची एक वही. 2021 मध्ये त्यांनी स्वतः हयात असताना जमीन वाटून टाकली: स्वतः, बायको, दोन मुलं, दोन सुना, अकरावीतला नातू आणि एक पुतण्या. आठही पावत्या सराफाच्या दुकानाच्या लाल पाऊचमध्ये रबर लावून ठेवलेल्या असतात, मी बघितल्यात, चहा पिताना त्यांनीच दाखवल्या. प्रत्येक पावती 2 हेक्टरच्या आत बसेल अशी मापून काढलेली, म्हणजे आठही जण कागदावर लघु शेतकरी.

तुमच्याच नियमाने मोजूया. नवरा-बायको एक कुटुंब, म्हणजे सासू-सासरे मिळून एक. थोरला मुलगा, सून आणि अज्ञान नातू मिळून एक. धाकटा आणि त्याची बायको एक, पण धाकटा पुण्यात कंपनीत आहे, इन्कम टॅक्स भरतो, ते कुटुंब तिथेच बाद. पुतण्या एक. म्हणजे कितीही सढळ हाताने मोजलं तरी तीन. आणि कडक मोजलं तर 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आलेली जमीन वारसाहक्काची नसेल तर चालत नाही, आणि इथे तर जमीन देणारा धडधाकट समोर बसलेला, त्यामुळे उरतं एक. मिळतात आठ. सात जणांचे वर्षाला 84 हजार, एका वाड्यात.

हे पोर्टलवर बसलं कसं? समग्र आयडीवर, म्हणजे आपल्या राज्याच्या कुटुंब-नोंदणीच्या नंबरावर. कुटुंबाची आठ आकडी आयडी वेगळी काढली की कागदावर कुटुंब वेगळं, आणि ती वेगळी काढणं किती सोपं आहे ते कुठल्याही कियोस्कवाल्याला विचारा. नवरा-बायको एका ताटात जेवतात आणि समग्रवर दोन कुटुंबं आहेत. जमीन नावावर कधी आली ती तारीख कुणी काय टाकली ते मला ठाऊक नाही, पण टाकली कुणीतरी, आणि मंजूर तुमच्या लॉगिनने झाली. मी त्यांना विचारलंसुद्धा की हे बरोबर आहे का, तर म्हणाले, ताई, शासन देतंय, आपण कशाला नाही म्हणायचं, आणि मग आपण घेतलं नाही तर दुसरा घेणारच आहे. मला उत्तर सुचलं नाही.

खरं तर ते उत्तर द्यायचा अधिकारही मला कमीच, कारण आमच्याच घरात हे झालंय. बाबा राज्य सरकारच्या नोकरीतून रिटायर झाले होते, पेन्शन 10 हजारांच्या कितीतरी वर. नियमाने ते बसतच नव्हते. पण 2019 मध्ये गावातल्या सगळ्या खातेदारांची नावं घाऊक चढली त्यात त्यांचंही चढलं, बाबांनी पासबुक कधी नीट बघितलं नाही, आणि ते गेल्यावर बँकेचे कागद काढताना मला दिसलं की 8 हप्ते आलेत, 16 हजार, वर राज्याचे 4 हजार वेगळे. केंद्राचे 16 हजार परत करायची सोय त्यांच्या वेबसाइटवर आहे, ते झालं, पैसे भरल्याची रसीद माझ्याकडे आहे. राज्याचे 4 हजार परत करायला मी तीन चकरा मारल्या. पहिल्या ऑफिसात म्हणाले दुसऱ्यात जा, दुसऱ्यात म्हणाले हे हेडच आमच्याकडे नाही, आणि तिसऱ्या वेळी एक सज्जन बाबू चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, मॅडम, परत कशाला करताय, कुणी मागितलेत का? नव्हते मागितले. ते 4 हजार अजून माझ्याकडे पाकिटात आहेत, वर पेनने लिहून ठेवलंय.

म्हणजे अपात्र माणसाला घेणं सोपं आणि परत देणं अवघड, ही माझी पहिली तक्रार. हे फक्त आमच्या गावचं नाही, 2021 च्या जुलैमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी, म्हणजे आपल्याच ग्वाल्हेर-चंबळकडच्या नेत्यांनी, संसदेत सांगितलं होतं की देशभरात 42 लाखांहून जास्त अपात्र लोकांना जवळपास 3 हजार कोटी गेलेत आणि ते वसूल करायचेत. तामिळनाडूत 2020 मध्ये तर खात्याचेच लॉगिन वापरून लाखो खोटी नावं चढली होती.

दुसरी तक्रार मोठी आहे, कारण 12 हजारांवर कुणी वाडा बांधत नाही. पावती फोडायचा खरा फायदा पुढे आहे. ठिबकचं बघा. केंद्राच्या नियमाने लघु-सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के अनुदान, इतरांना 45, आणि एका लाभार्थ्याला जास्तीत जास्त 5 हेक्टरपर्यंत. हिशोबाला सोपं पडावं म्हणून हेक्टरी खर्च एक लाख धरा. साठ बिघे एका नावावर असती तर 5 हेक्टरवर 45 टक्के, सव्वादोन लाख, बस. आता आठ लघु शेतकरी झाल्यावर 15 च्या 15 हेक्टरवर 55 टक्के, सव्वाआठ लाख. शेत तेच, विहीर तीच, पाइप एकाच दुकानातून आलेला. सहा लाखांचा फरक फक्त पाऊचमधल्या रबरामुळे. यंत्रांचंही तसंच, रोटाव्हेटर, सीड ड्रिल, ज्याची सोडत निघते त्यात एकाची एक चिठ्ठी जाते आणि यांच्या आठ, वर महिलांना आणि लघु शेतकऱ्यांना टक्के जास्त म्हणून अर्ज सुनांच्या नावाने. त्यातल्या धाकट्या सूनबाई पुण्यात असतात, रोटाव्हेटर कशाशी खातात ते त्यांना माहीत नाही (मलाही दादांनी शिकवलं तेव्हा कळलं).

आणि ठिबकच्या निधीला शेवट असतो हो. यांनी ठिबक घेतलं त्या वर्षी दादांच्या भावाने, चार बिघे स्वतःची, अर्ज केला होता, त्याला सांगितलं लक्ष्य पूर्ण झालं, पुढल्या वर्षी या.

तिसरी तक्रार भाभींची. नियमात साफ लिहिलंय की 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आली असली तरी खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आली असेल तर चालते. भाभींचे यजमान मे 2021 मध्ये गेले, नामांतरण नोव्हेंबरमध्ये झालं, आणि यादीने फक्त तारीख बघितली. मृत्यूचा दाखला भाभींच्या हातात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यांनी टेबलावर ठेवला, साहेब म्हणाले यादीत जे आहे ते आहे. त्यांनी 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार केली, चार दिवसांनी मेसेज आला की आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है. निराकरण काय ते त्यांनी मला विचारलं, मराठीतही तोच शब्द आहे पण मला अर्थ सांगता येईना. मागाहून कळलं की तक्रार फोर्स क्लोज झालीय, म्हणजे त्यांना न विचारताच बंद केलीय.

कागद कसे फिरवायचे ते ज्याला कळतं तो तुमच्या मर्यादेतून आरपार निघतो, आणि जिच्याकडे खरा कागद आहे पण बोलता येत नाही ती अडकते. यादी कॉम्प्युटरने काढली हे चांगलंच केलं, पण तिच्यावर बसलेल्या माणसाने मान वर करून समोर बघायला नको का?

चौथी तक्रार, आणि ही लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. दादा. बियाण्यात अर्धे त्यांचे, खतात अर्धे त्यांचे, खताच्या लाइनीत पहाटे चारला उभे तेच, रात्रीच्या लाइटीत पाणी द्यायला तेच. सरकारच्या कुठल्याच यादीत त्यांचं नाव नाही कारण त्यांच्याकडे पावती नाही. गेल्या खरिपात सोयाबीनला भावांतर होतं, हमीभाव 5328, मंडीत आमचा माल गेला चार हजारांच्या आसपास, फरकाचे पैसे आले ते माझ्या खात्यात. मी अर्धे दादांना दिले. पण मी दिले म्हणून मिळाले, हे काही बरोबर नाही, उद्या नाही दिले तर ते काय करणार?

तुम्ही म्हणाल वाटेकऱ्याची सिकमी म्हणून नोंदणी होते, कायदा आहे. आहे, 2016 चा भूमिस्वामी-बटाईदार कायदा, लेखी करार करायचा, एक प्रत तहसीलदाराकडे, जास्तीत जास्त 5 वर्षं, आणि जमिनीवर हक्क लागत नाही असं त्यातच म्हटलंय. मी करार टाइप करून आणला होता. माझ्या भावाने सही केली नाही. म्हणाला, एकोणीस वर्षं झालीत, लेखी दिलं आणि उद्या कोर्टात उभे राहिले तर? मी खूप समजावलं, मग मीही गप्प बसले. आमच्यासारख्या बऱ्या, शिकलेल्या, सुदामा नगरातल्या घरात ही भीती आहे तर गावात कोण सही करेल? तुमच्या खात्यातल्या कुणी गावात येऊन मालकांना बसवून हा कायदा समजावलाय असं मी तरी एकोणीस वर्षांत ऐकलं नाही. आणि नुसतं सिकमीचं नाव लिहिलं की झालं असंही नाही, खरेदीच्या सीझनला कोण कुणाच्या शेताचा सिकमी होऊन कुणाचा गहू सोसायटीत तोलतो यावर गावात काय काय बोललं जातं, मी डोळ्यांनी बघितलं नाही म्हणून त्यात शिरत नाही.

हे पावत्या फोडणं काही आजचं नाही. 1960 चा सीलिंगचा (जमिनीच्या कमाल मर्यादेचा) कायदा आला तेव्हाचे किस्से आजोबा सांगायचे, पाळण्यातल्या पोराच्या नावावर, देवाच्या नावावर, सालदाराच्या नावावर (त्याला न सांगता) जमिनी झाल्या होत्या म्हणे. आणि आपणच तेवढे लबाड असंही समजू नका, अमेरिकेत 1970 पासून शेतकऱ्याच्या सरकारी पैशाला मर्यादा आहे, तेव्हा एका पिकाला माणशी 55 हजार डॉलर, आणि तेव्हापासूनच तिथले मोठे शेतकरी एका शेताच्या कागदावर पाच-सहा भागीदाऱ्या दाखवत आलेत, त्या जंजाळाला मिसिसिपी ख्रिसमस ट्री असं गमतीचं नाव पडलं होतं. मग 1987 मध्ये त्यांनी कायदा केला की पैसे घेणारा माणूस प्रत्यक्ष शेतीत असला पाहिजे, कष्टाने किंवा कारभार बघून. आता कारभार बघतो म्हणजे काय, तर वर्षातून दोनदा फोनवर बोलला तरी बघतोच की. 2018 मध्ये तर कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडं आणि भाचे-पुतणेही आले. आमच्या गावचा पुतण्या तिकडे आरामात बसला असता. मला यातून एवढंच कळलं की मर्यादेचा आकडा तुम्ही कितीही ठेवा, एक माणूस आणि एक कुटुंब म्हणजे कोण हे ढिलं ठेवलं की बाकी सगळं वाहून जातं.

म्हणून मागण्या. मी काही तज्ज्ञ नाही, पण टेबलासमोर अडीच तास बसलेय.

समग्रमध्ये कुटुंब वेगळं काढताना एक माणूस घरी जाऊन चूल बघून येऊ दे. भाऊ खरोखर वेगळे झाले असतील तर जरूर वेगळी आयडी द्या, वाटणी हा काही गुन्हा नाही, सज्ञान भावाचा वेगळा हप्ता हा त्याचा हक्कच आहे. पण नवरा-बायको वेगळे दाखवले असतील तर ते काम तुमचं सॉफ्टवेअर एका मिनिटात पकडू शकतं, आधार आहे, समग्र आहे, आता फार्मर आयडीही काढून घेतलीय तुम्ही सगळ्यांची (त्याच्यासाठी आम्ही दोन दिवस ओटीपीची वाट बघत बसलो होतो), ती तिन्ही एकमेकांना जोडा की.

ठिबक, यंत्रं, पीएम किसान, किसान कल्याण, या सगळ्यांची मिळून एकच यादी गावात लावा, माणसाच्या नावाने नको, घराच्या नावाने. या घरात यंदा एकूण इतके आले. ग्रामसभेत मोठ्याने वाचा. खोटं काय ते गावाला माहीत असतं, फक्त एकेक नाव सुटं वाचलं की कुणाला टोटल लागत नाही. ज्या वाटणीनंतर दोन-तीन वर्षांतच त्याच घराने लघु शेतकरी म्हणून अनुदान घेतलं ती फाइल आपोआप वर जाऊ दे, आणि मोठं अनुदान देताना शेतावर जाऊन फोटो काढताना शेजारचा पाइप कुणाचा तेही विचारा.

कुणाचा हप्ता बंद करण्याआधी कारण लिहून द्या, 30 दिवस द्या, आणि वारसाच्या प्रकरणात मृत्यूचा दाखला जोडून घ्यायची जागा त्या फॉर्ममध्येच ठेवा. भाभींचे अडकलेले हप्ते मागच्या तारखेपासून द्या. तक्रार बंद करायची असेल तर आधी तक्रारदाराला फोन करा.

सत्यापन करणाऱ्याचं नाव आणि सही यादीवर राहू दे. आठही पात्र असं ज्याने लिहिलं त्याला एकदा तरी कुणी विचारावं की तुम्ही त्या घरी गेला होतात का.

दादांसारख्यांसाठी बटाईदार कायद्याचा छापील करार पंचायतीत फुकट ठेवा, आणि मालकांची भीती घालवायला तहसीलदारांनी स्वतः गावात येऊन बोलावं, माझ्या भावाशी सुद्धा. ज्या शेतावर नोंदवलेला बटाईदार आहे तिथला भावांतरचा, नुकसानीचा वाटा सरळ त्याच्या खात्यात जाऊ दे.

आणि राज्याचे पैसे परत करायला एक खिडकी उघडा. नुसतं एक चलान चालेल.

पुढच्या मंगळवारी मी जनसुनवाईला येतेय, भाभी सोबत असतील, मृत्यूचा दाखला, नामांतरणाचा आदेश आणि 181 चा मेसेज सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन. ते 4 हजारांचं पाकीटही आणतेय, कुणी घेत असेल तर. दादांना या म्हटलं होतं, ते नाही म्हणाले, या आठवड्यात आमच्या लाइनीवर लाइट दिवसा आहे आणि गव्हाला तिसरं पाणी द्यायचंय.

आपली,
एक खातेदार
सुदामा नगर, इंदूर